टिलेनमधला ट

जुन्या नावांचा अभ्यास करणारी ब्रिना चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचे फोटो काढत होती. दारात एक उंच तरुण आला. बाहीला सुकं गवत चिकटलेलं, हातात फादरांसाठी आणलेलं बकरीचं चीज. फादर बाहेर गेलेत हे कळल्यावर तो परत फिरला… आणि उंबऱ्यातच घुटमळला.

"एक नाव शोधायचं होतं," तो म्हणाला. "माझंच."

तो टिलेन. वरच्या कुरणावर त्याच्या बकऱ्या होत्या. गवत कापताना त्याची आत्या सहज बोलून गेली होती, की त्याच्याआधी एक भाऊ झाला, तीन आठवड्यांत गेला आणि त्याचंच नाव याला ठेवलं. आईला विचारायचा धीर होत नव्हता. सव्वीस वर्षं आपण दुसऱ्याचं नाव वापरतोय, हे त्याच्या मनातून जाईना.

ब्रिनाने पानं उलटली. रीतसर नाव दोघांचं एकच — एगिदी. त्याचा चेहरा पडला.

"थांबा हो," ती म्हणाली. समासात घरची हाक लिहिली होती. थोरल्यापुढे इल्य, धाकट्यापुढे टिलेन.

"संत तोच, एगिदी; लोक त्यालाच इल्य किंवा इलेन म्हणतात. पण आपल्या गावांच्या नावांत 'शेंट' असतो ना, संत म्हणून? 'शेंट इलेन, शेंट इलेन' म्हणता म्हणता त्यातला ट नावालाच चिकटला. तुमच्या भावाच्या नावात तो नाही."

त्याने त्या अक्षरावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "आणि अर्थ?"

"एगिदी म्हणजे मुळात… करडू."

"बकऱ्यांना सांगू नका. आधीच ऐकत नाहीत माझं."

दोघंही हसली. चीज मात्र फादरांऐवजी ब्रिनाच्या टेबलावर राहिलं.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. आईशी तो बोलला होता. आई रडली, मग सांगू लागली. इल्य ही हाक तिच्या तोंडून पुन्हा निघेना, आणि ज्या संताला नवस बोललेली, त्याला सोडवेना. म्हणून संताला नावातच धरून ठेवणारं नाव तिने निवडलं. या बाळाला कोणी नेऊ नये म्हणून.

बोलता बोलता त्याने वहीतल्या आपल्या नावावर पुन्हा बोट ठेवलं. ब्रिनाने नकळत त्याच्या मनगटावर हात ठेवला… आणि काढला नाही.

"एक सप्टेंबरला माझ्या संताचा सण," तो म्हणाला. "आईने तुम्हाला जेवायला बोलावलंय. म्हणजे… आईने नाही. मीच."

ब्रिनाने वही मिटली.

"रस्ता मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू येशील न्यायला?"