पुजायचा राहिलेला पॉलिश पेपर

सुप्याच्या एमआयडीसीत सगळी शटरं ओढलेली, आणि धनश्री तांब्याचा छोटा डबा पोटाशी धरून दारोदार हिंडत होती. डबा बनवणारे काका सुट्टी म्हणून गावाला गेलेले. शेवटी एक शटर अर्धं उघडं दिसलं. वाकून आत शिरली, तर समोर झेंडूच्या माळा ल्यालेली लेथ… आणि कुंकवाची वाटी घेतलेला एक उंच तरुण.

"आज मशीन चालत न्हाई, मॅडम. खंडेनवमी हाय," गोरक्ष म्हणाला. वर्कशॉप त्याचंच होतं.

"झाकण बसत नाहीये हो. केसभरच घासायचंय."

"सगळी हत्यारं पुजलीत. आज त्यान्ला आराम."

धनश्री स्टुलावर मटकन बसली. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करायची. तिची चिप या डब्यात बसणार होती आणि डबा एका अवाढव्य फ्रिजमध्ये; चिपमधली नाजूक क्वांटम स्थिती तिथे किती वेळ टिकते, ते तिला बघायचं होतं. उद्या सकाळी सगळ्यांच्या चिप आत ठेवून फ्रिज सील होणार होता. ही पाळी हुकली, तर उन्हाळ्यापर्यंत तिचा नंबर नव्हता. तिने हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

"किती गार असतो हो फ्रिज?"

"अंतराळापेक्षाही गार."

"मग कुल्फी लई भारी होत असंल."

रडू येता येता ती हसली. तो बघतच राहिला — जरा जास्तच. मग कान खाजवत म्हणाला, "एक वस्तू पुजायची ऱ्हायलीय. पॉलिश पेपर. कालच आणला, गाडीच्या डिक्कीत हाय."

काचेवर पेपर अंथरून दोघं समोरासमोर बसली. लेथवर चुटकीसरशी झालं असतं ते हाताने करता करता दुपार सरली.

"तुमी दाब देताय. नुसतं फिरवा… असं."

त्याची बोटं तिच्या बोटांवर टेकली. दाखवून झालं तरी उचलली गेली नाहीत, आणि तिनेही हात काढून घेतला नाही.

झाकण बसलं. तिने डबा स्पिरिटने लख्ख पुसला, तोच गोरक्षने सवयीने कुंकवाचं बोट पुढे केलं. तिने झटकन त्याचं मनगट धरलं. "नको… ठसासुद्धा चालत नाही याला."

"नवी वस्तू तशीच धाडायची?" तो खरंच हिरमुसला.

"डब्याच्या वाटचं मी लावते." तिने वाटीत बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला टेकवलं. त्याचे कान लालबुंद झाले, तेव्हा कुठे ती लाजली.

पंधरवड्याने निकाल आला. प्रयोगशाळेतल्या सरांना सांगायच्याही आधी तिने गोरक्षला फोन लावला.

"टिकलं का तुमचं क्वांटम?"

"टिकलं. पापणी लवायच्या आत संपतं, पण आमच्याकडे तेवढंही लई असतं."

"मग… पुढचा डबा कधी?"

"पुढचा नकोय. हाच झकास चाललाय."

"बरं." त्याचा आवाज पडला. तिला मनातून बरं वाटलं.

"गोरक्ष, मी रविवारी येतेय. काम काही नाही. तू आवडतोस, म्हणून."

पलीकडे काहीतरी खणकन पडलं. "या… म्हंजे, ये. पन आईनं विचारलं, कोन आलंय, तर काय सांगू?"

"ते तू ठरव," धनश्री म्हणाली. "मी माझ्या आईला सांगून निघणार आहे."