सहावी गादी

शहापुरात माझं सोफे-गाद्यांचं दुकान आहे. बावीस वर्षं हाच धंदा केल्यावर मला एक कळलंय. माणूस तोंडाने थापा मारेल, पण तो जिथे बसतो ती जागा खरं सांगते. कोण एका कुशीवर रेलतो, कोणाची कंबर गेलीय, हे गादीवर हात फिरवला की समजतं. लोक याला नजर म्हणतात. मी सवय म्हणतो.

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात सापगावच्या पुढे, मुरबाड रस्त्याला एका शेठने आपल्या रिसॉर्टवर विमान आणून ठेवलं. पंख काढलेलं, लांबलचक ट्रेलरवरून आलेलं. दुसऱ्या महायुद्धात त्यातून सैनिक नेत असत. युद्ध संपल्यावर कुणा गिरणीमालकाने ते विकत घेतलं आणि आत मखमली खुर्च्या, सागवानी कपाटं, दारूच्या बाटल्यांना पितळी कठडा असा थाट करून घेतला. आता शेठला त्यात हॉटेल काढायचं होतं. गाद्यांचं काम माझ्याकडे आलं.

मखमल पार कुजली होती. डाव्या अंगाची सागवानी फळी काढली, तर मागे सैनिकांच्या मूळच्या बैठका तशाच निघाल्या. पत्र्याच्या सहा, भिंतीला लागून, ओळीने. वर छताला, उभ्या माणसाने धरायची दांडी. थाट करणाऱ्या सुताराने त्या उचकटायचा कंटाळा केला असणार. शेठ मात्र खूश झाला.

"ह्या ठेव. लोकांना असलं आवडतं. फक्त नव्या गाद्या कर."

कल्याणहून कडक फोम आणून मी खाकी कापडाच्या सहा गाद्या शिवल्या. संध्याकाळी बसवल्या, दाराला माझंच कुलूप लावलं आणि घरी गेलो.

सकाळी पहिल्या दोन गाद्यांना खळगे पडलेले होते. नव्या फोमला तेवढा खळगा पडायचा तर सहा महिने रोज कुणीतरी बसावं लागतं. मी वॉचमन धाकलूला फैलावर घेतलं.

"आत कोण झोपलं होतं?"

"किल्ली तुमच्या खिशात हाय," तो म्हणाला. "आन् मी नाय जात त्यात. दिवसाचा पन नाय."

पत्रा तापतो, फोम नरमतो, अशी मी मनाची समजूत घातली आणि छपरावर ओली पोती टाकली. पण उन्हाने नरमलेला फोम सगळीकडे सारखा दबला असता. या दोन खळग्यांत दोन वेगवेगळी माणसं होती.

तिसऱ्या दिवशी तिसरी गादी दबली. खळगा चांगला ऐसपैस, मागच्या कडेला जास्त खोल. मला हसूच आलं, कारण ते बूड माझ्या ओळखीचं होतं. आटगावचा वाल्मिक, माझ्या धाकट्या भावाच्या, किशोरच्या पलटणीतला. दिवाळीत दोघं सुट्टीवर आले तेव्हा माझ्या दुकानातल्या कोऱ्या सोफ्यावर धप्पकन बसून त्याने स्प्रिंग मोडली होती. आता दोघंही कारगिलला होते.

दोन दिवसांनी वाल्मिकच्या घरी तार आली. तारेतल्या तारखेची मी तिघांकडून खात्री करून घेतली. तिसरी गादी दबली तोच दिवस होता. मी त्यांच्या अंगणातच मटकन बसलो. लोकांना वाटलं, मैत्रीखातर. माझ्या डोक्यात मात्र उरलेल्या तीन गाद्या होत्या, आणि किशोर त्याच पलटणीत होता.

चौथी त्याच आठवड्यात दबली. मग पाचवी. घरी आई रोज दारात बसून पोस्टमनची वाट बघायची. तिला काय सांगणार?

आणि एका सकाळी सहावी.

खळगा डावीकडे होता आणि गादीच्या कडेवर टाचेची खूण होती. लहानपणापासून किशोर असाच बसतो. डावा पाय मुडपून, टाच कडेला रोवून. त्यासाठी त्याने आईचा किती ओरडा खाल्ला असेल.

पण खळगा अजून उथळ होता. माणूस नुसता टेकल्यासारखा.

मी गादी फाडली. फोम फेकून दिला. आत काथ्या कोंबला, हातोडीने ठोकून ठोकून कोंबला. वर घुमट येईपर्यंत भरला आणि दाभणाने दुहेरी टाके घातले. कुणालाही बसता येऊ नये अशी गादी मी जन्मात पहिल्यांदाच केली.

दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, दगडासारखी. तिसऱ्या दिवशीही.

आठवड्याने शेजारच्या पीसीओवर किशोरचा फोन आला. "आमी सहा होतो, दादा. पाच गेले. तोफेचा गोळा माज्या पुढ्यात पडला, फुटलाच नाय."

आईने आळीभर पेढे वाटले. मी केलं ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. शेठला सांगितलं, सहावीला हात लावू नका.

सप्टेंबरात किशोर रजेवर आला. अंगावर साधा ओरखडा नव्हता. दिल्लीपासून उभ्यानेच आलो म्हणाला. गाडीला गर्दी असेल, असं आम्हाला वाटलं. घरी तो उभ्यानेच जेवला. भिंतीला टेकून उभ्यानेच झोपला. वाशिंदच्या डॉक्टरने कंबर, गुडघे, सगळं तपासलं. कशात काही दोष नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने उजवा हात वर केला आणि डोक्यावरचं काहीतरी घट्ट धरलं. तिथे काहीच नव्हतं. हात त्याने खाली घेतला नाही.

पाचव्या दिवशी तो डोलायला लागला. मध्येच तोल जायचा, मध्येच एका अंगावर कलायचा. पायाखाली आमची सारवलेली जमीन होती.

दुपारी आईने पाट मांडला. तिचे डोळे रडून सुजले होते.

"बस ना रे, सोन्या. पाच दीस झाले."

"जागा नाय गो, आये."

"आरं, जागेला काय झालं? तुजा दादा अख्ख्या तालुक्याला बसाया करून देतो. तुला नाय देनार?"

किशोरने मान वळवली. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. वर धरलेल्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती.

"हात लय दुखतो रे, दादा," तो हळूच म्हणाला. "टाके उसव."