व्यंकटरावाच्या बोटीखालचे दिवे

ए धम्मदीप, तो मोबाइल उपडा ठेव. डोळ्यात उजेड जायलाय. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, न्हाईतर जाऊन झोपा. अन् मधीच 'खरं का, खरं का' करू नका. झरीचा भागवत माझ्या चुलतभावाचा साडू. त्याच्या तोंडून ऐकलेली हाय. चहात साखर कमी हाय म्हणायलाबी जो दहादा इचार करतो, तो माणूस खोटं काय बोलंल?

भागवत ट्रॅक्टरचं वायरिंग करायचा. मागल्या साली येळवशीची अमावस्या होती. शेतात भज्जी-आंबील हाणून भागवत बाजंवर आडवा झालता, तितक्यात व्यंकटरावाचा फोन आला. व्यंकटराव म्हंजी जिंतूरच्या अंगाला, धरणाच्या काठावर जमीन असलेला बडा असामी. लग्न ठरलेली पोरं-पोरी हल्ली पाण्यावर फोटू काढायला येतात, म्हणून त्यानं लोखंडी पत्र्याची बोट करून घेतलती. तिच्या पोटाखाली, पाण्यात बुडणारे सहा निळे दिवे. दसऱ्याला ते भागवतनंच बसवलते. आता दोन दिवे बंद पडलते, बोटीत पाणी झिरपायलं होतं, अन् दुसऱ्या दिवशी खुद्द व्यंकटरावाच्या लेकीचा, निकिताचाच फोटूचा कार्यक्रम. पाव्हण्यांची सगळी पोरं पाण्यात डुंबणार. आजच्या आज ये, म्हणला.

दिवस बुडता-बुडता भागवत पोचला. काठाच्या वाटंवर सुगंधाबाई मेंढरं घेऊन माघारी निघालती. तिचा पोरगा अमृत दिवाळीनंतर ह्याच पाण्यात गेलता. बोट काठाला ओढून आणायला पोहत गेला, अन् बोटीपासून चार हातांवर बुडाला. धरणाचं पाणी आडवं कापणारं पोर ते! लोक म्हणले, दारू पेला असंल. व्यंकटराव तर सगळ्यांच्या आधी म्हणला. बाईनं भागवतची मोटारसायकल अडवली.

"लेकरा, तू करंटची कामं करतूस, चार गावं हिंडतूस. माझं पोर पेत नव्हतं रे. मंग बुडलं कसं?"

भागवतनं गाडीला किक मारली. मान खाली घालून पुढं गेला.

व्यंकटरावानं त्याला पाण्यापातूर आणून सोडलं, काम उरकून जेवायलाच वर ये म्हणला, अन् पाव्हण्यांत गेला. भागवतनं पयला दिव्यांच्या बॅटरीचा चार्जर काढला. काठावर पाण्याच्या मोटारीचा डबा होता, त्यातून तो लांब वायरीनं जोडलेला. तिथं येळंला एकच फेज असायची, परतीची वायर न्हाई. मंग काय, आपल्याकडची सगळ्यांची अक्कल. एक वायर फेजला, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला, वरून खडेमीठ अन् तांब्याभर पाणी. बल्ब पेटला की माणूस खूश. हसू नका, तुमच्या बापानंबी केलंय.

बोट अर्धी गाळावर ओढून ठेवलती. बोटीच्या वरच्या काठाला धरून भागवत आत चढला, पाणी उपसलं, उतरून खालून टॉर्च मारला. नवाकोरा पत्रा किडलेल्या हरभऱ्यावानी झालता. दिव्याचे स्क्रू चिमटीत धरले की भुगा. गंज चढायला वरसं लागतात. हे गंजणं नव्हतं. करंटनं लोखंड खाल्लतं.

तिथं त्याच्या टाळक्यात उजेड पडला. ट्रॅक्टरला दिव्याची एक वायर बॅटरीला जाते, दुसरीचं काम सांगाडाच करतो. बॉडी अर्थ म्हणतात त्याला. भागवतनं बोटीलाबी तेच केलतं. पण ट्रॅक्टर रबराच्या टायरावर उभा असतो, बोट पाण्यात. करंट पत्र्यातून पाण्यात उतरायचा अन् जाता-जाता लोखंड कुरतडायचा. त्यात तो हलका चार्जर. त्यानं मोटारीचा करंट, माणूस मारणारा करंट, सरळ पत्र्यात सोडलता. अमृत गेला त्या सांजंला चार्जर लावलेलाच होता. भागवतनंच फोनवर सांगितलतं, लावून ठेवा, बॅटरी उतरू देऊ नका.

 सांगावं तर धंदा गेला, पोलीस दारात. न सांगावं तर उद्या निकिता, ती सगळी पोरं... गुपचूप दुसरी वायर ओढावी, पत्र्याला ठिगळ मारावं, चार्जर फेकून द्यावा अन् घर गाठावं, असं त्याच्या मनात आलं. आलं म्हंजी आलं, लपवलं न्हाई त्यानं माझ्यापसून. ठिगळ मारायचंच ठरवलं त्यानं. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. बॅटरी उचलून लांब काठावर ठेवली, माघारी येऊन सुटी वायर हातात घेतली.

दिवे लागले.

सहाच्या सहा. बंद पडलेले तेबी. सुटी वायर ह्याच्या हातात... अन् पाणी निळंशार.

वारा न्हाई. रातकिडा न्हाई. वरच्या घरात पाव्हण्यांचा गलका होता. तोबी थांबला.

बोटीला लागून, पाण्यातून एक डोकं वर आलं. गळ्यापातूर. मंग दोन हात. बोटीची कड धरली.

"भागवतदादा..."

आवाज अमृतचा होता.

"मुंग्या आल्यात. हातपाय हालंनात."

...

"म्या पेल्यालो न्हाई. माईला सांग."

सांगतो, म्हणला भागवत. ओठ हालले का न्हाई, ते त्यालाबी ठाऊक न्हाई. दिवे गेले.

गाळानं भरलेल्या पायानं तो थेट पंगतीत जाऊन उभा राहिला. समद्या पाव्हण्यांच्या म्होरं सांगितलं, अमृत पेला नव्हता, माझ्या वायरिंगनं अन् ह्या चार्जरनं मारला. व्यंकटराव अंगावर धावून आला, येळवशीची आंबील ज्यादा झाली का म्हणला. पण निकिता ताटावरून उठली. मी त्या बोटीत बसणार न्हाई अन् कुणाला पाण्यातबी उतरू देणार न्हाई, म्हणली. त्याच रात्री भागवत सुगंधाबाईच्या पालावर गेला. तिचे पाय धरून रडला. पुढं ठाण्यात जबाब दिला, ते सगळं झालं.

सकाळी ट्रॅक्टर लावून बोट कोरड्यावर ओढली. बघायला अर्धं गाव. 

बोटीच्या वरच्या काठाला, जिथं पाणी कधीच पोचत न्हाई तिथं, पत्रा आरपार खाल्लेला होता. आठ जागी. चार इकडं, चार तिकडं. गंजाचा एक ठिपका न्हाई, लोखंड आतून चकचकीत. सांजंला ह्याच काठाला धरून भागवत आत चढलता. तवा तो काठ गुळगुळीत होता.

सुगंधाबाई गर्दीतून पुढं आली. कुणाला काय इचारलं न्हाई. आपली बोटं तिनं त्या आठ खाचांत एकेक करून ठेवली. खाचा मोठ्या पडल्या.

"माझ्या अमृतचा पंजा थोराड होता," म्हणली, अन् कितीतरी वेळ तिनं हात काढलेच न्हाईत.