हात लावून सांग

गाडी विकायची ठरली त्या सकाळी तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे आतला छोटा फ्रिज रिकामा करून त्याच्या दारात एक लाकडी चमचा अडकवला. बंद फ्रिजला वास धरतो. जुनी कॅम्पर व्हॅन बघायला येणारा माणूस आधी नाकानं बघतो आणि मग डोळ्यांनी, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी आणि चार वर्षांची मुलगी, दोन्ही पदरात असली की अशा गोष्टी आपोआप सुचतात.

"आठ दिवस," ती नवऱ्याला म्हणाली. "आठ दिवसांत नवी कोरी दिसेल."

"तू म्हणतेस म्हणजे दिसणारच. मला फक्त फडकं कुठलं ते सांग."

घरात या गाडीला कासव म्हणत. पाठीवर बिऱ्हाड आणि चाल संथ. सहा वर्षांत तिघांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या होत्या. चिमणी रांगायला शिकली तीही कासवातच, स्वयंपाकाचा ओटा आणि मागचं बाक यांच्यामधल्या अडीच फुटांत. आता तिची शाळा सुरू होणार होती आणि घराला गाडी उभी करायला एकच जागा होती. तिथं लाल छोटी गाडी राहील, कासव जाईल. कारणं चोख होती. कुणी विचारलं की ती दोन्ही एका दमात सांगायची. तिसरं कारण कुणी विचारलंच नाही, त्यामुळे सांगायचा प्रश्न आला नाही.

पहिल्या दिवशी तिनं गाद्यांचे अभ्रे काढून धुतले. चिमणीची पट्ट्याची खुर्ची मागच्या बाकावरून सोडवून लाल गाडीत बसवली. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी व्हिनेगर घालून तीनदा खंगाळली, छताच्या झडपेची वाळलेली रबरी पट्टी बदलली, गॅसच्या नळीवरची तारीख तपासली. काम हातात घेतलं की तिची छाती भरून यायची. घरातल्या शंभर गोष्टींची धास्ती असायची तिला, पण ज्याला पाना लागतो अशा कुठल्याच गोष्टीची नाही.

चालकाच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागे एक कार्ड खोचलेलं होतं. अक्षर तिचं.

छताची झडप? बंद.
गॅस? बंद.
पायरी? आत.
टाकीचं झाकण? घट्ट.
चिमणी? आहे.

याला ते हजेरी म्हणत. गाडी हलण्याआधी नवरा एकेक विचारायचा आणि ती मागे फिरत उत्तरं द्यायची. नियम एकच होता, हात लावून सांगायचं. पहिल्याच वर्षी तिनं आठवणीवर "आत" म्हणून टाकलं होतं आणि बाहेर राहिलेली पायरी एका फाटकाच्या खांबाला अडकून मुडपली होती. तेव्हापासून झडपेला, गॅसच्या चावीला, पायरीला हात लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चिमणीनं तर यातूनच बोलायला सुरुवात केली. नाव घेतलं की स्वतःच्या टाळूवर चापट मारून ओरडायची, "आहे!" हात लावून.

महिन्यापूर्वीच्या शेवटच्या सहलीत ते एका तळ्याकाठी उतरले होते. निघायच्या सकाळी दोघांचं वाजलं. रस्ते भरायच्या आत निघायचं म्हणून तो घाई करत होता, आणि त्याच्याच चहाचे कप विसळताना तिचं डोकं फिरलं होतं. तो हजेरी घेत गेला, ती कपांवर राग काढत उत्तरं देत गेली.

"चिमणी?"

"आहे," ती म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. हात साबणाच्या पाण्यात होते.

अकरा मिनिटांनी, रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ती मागे वळली. चिमणी खुर्चीत बसली होती. पट्टा लावलेला. खिडकीबाहेर बघत होती.

झालं ते इतकंच. दुपारी जेवताना नवरा सहज म्हणाला, "पट्टा तू बरा लावलास. तो चाप हल्ली फार घट्ट झालाय."

"मी? तू लावलास ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हसले. तो चाप दाबायला मोठ्या माणसाचे दोन अंगठे लागायचे. हा विषय नंतर कुणी काढला नाही. चिमणीच्या निळ्या सँडल मात्र मिळाल्या नाहीत. राहिल्या असतील तळ्याकाठी.

आणि त्या दिवसापासून चिमणी बोलायची थांबली. हाक मारली की यायची, विचारलं की मान हलवायची. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, कान पाहिले. म्हणाल्या, "मुलं रुसतात अशी. शाळेत गेली की कान किटतील तुमचे." भूक चांगली होती. झोप तर इतकी चांगली, की आधी रात्रीतून तीनदा उठणारी मुलगी आता कूसही बदलत नव्हती. ते बघायला मग तिची आईच तीनदा उठायची.

तिसऱ्या दिवशी मागच्या बाकाखालचा कप्पा रिकामा करताना कनातीच्या खुंट्यांच्या तळाशी सँडल सापडल्या. निळ्या, दोन्ही, आणि ओल्या. तळांना काळसर वाळू लागलेली.

टाकी खंगाळताना पाणी झिरपलं असणार, तिनं ठरवलं. वाळू आधीचीच. तिनं सँडल धुऊन अंगणातल्या भिंतीवर वाळत टाकल्या. चिमणी भिंतीपाशीच उभी होती. हल्ली ती तिथंच असायची, कासवाच्या आत पाऊल टाकत नव्हती. तिनं सँडलकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

चौथ्या दिवशी सकाळी बाकासमोर जमिनीवर दोन लहान ओले डाग होते, शेजारी शेजारी. भोवती वाळूचे कण. तिनं पुसले. तासाभरानं परत होते.

तिनं मेकॅनिकला बोलावलं. तो अर्धा तास गाडीखाली सरपटला, कप्प्यात डोकं घालून विजेरी फिरवली, आणि गुडघे झटकत उठला.

"वहिनी, गाडी कोरडी ठणठणीत आहे. पाणी कुठून येणार? मागच्या बाजूला नळीच नाही."

"मग हे काय?"

त्यानं डागांकडे पाहिलं. मग अंगणातल्या चिमणीकडे. "लेक खेळली असेल पाण्यात."

"ती आत येत नाही."

"मुलं आपल्याला विचारून येतात होय?" तो हसला. पण अवजारं त्यानं जरा घाईनं गोळा केली, आणि चहा नको म्हणाला. हा माणूस चहाला कधी नाही म्हणत नसे.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं जाहिरातीसाठी चित्रफीत काढली. चालकाच्या जागेवर बसून फोन हातात धरला आणि दुकानदाराच्या सफाईनं बोलत गेली. ओटा असा उघडतो, बाकाचा पलंग असा होतो, आणि निघण्याआधी आम्ही अशी हजेरी घेतो. छताची झडप, बंद. गॅस, बंद. पायरी, आत. टाकीचं झाकण, घट्ट. सवयीनं जीभ पुढे गेली.

"चिमणी?"

"आहे," मागून आवाज आला. पाठोपाठ टाळूवर चापट मारल्याचा.

समोरच्या काचेतून अंगण दिसत होतं. चिमणी भिंतीपाशी उभी होती. ओठ मिटलेले. आईकडे बघत होती.

तिनं फोन बंद केला. मग खाली उतरली, घरात गेली, चित्रफितीची शेवटची चार सेकंदं कापली. ऐकली नाहीत. उरलेली जाहिरातीला जोडून टाकली. चांगली झाली होती. संध्याकाळपर्यंत सात जणांनी विचारणा केली.

सहाव्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर ती कासवात गेली आणि बाकासमोर, ओल्या डागांच्या अलीकडे, मांडी घालून बसली.

"चिमणी," ती हळूच म्हणाली, "तू आहेस?"

"आहे."

"कुठे आहेस, बाळा?"

त्याचं उत्तर कार्डावर नव्हतं.

"चिमणी?"

"आहे." या वेळी आवाज बारीक होता, दमलेला, पुन्हा पुन्हा हाक मारून कुणी आलं नाही की होतो तसा.

रिकाम्या बाकाची गादी मध्ये किंचित दबलेली होती. तिनं हात उचलला. वीतभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात पाठीला काहीतरी जाणवलं म्हणून ती वळली. उघड्या दारात, पायरीच्या खाली, चिमणी उभी होती. जेवून झोपलेली चिमणी. केस विंचरलेली, गालावर उशीचा वळ असलेली, चार दिवसांनी शाळेत जायची असलेली चिमणी. ती आईच्या हाताकडे बघत होती.

तिनं हात मागे घेतला. हात लावला असता तर सांगावं लागलं असतं.

त्यानंतरचं काम तिनं झपाट्यानं उरकलं. बाहेरून गाडी मेण लावून घासली, चाकांच्या टोप्या पुसल्या. गाडी गेली की हे सगळं जाईल. तिची खात्री होती. आजवर तिनं हातात घेतलेली कुठलीच गोष्ट अर्धी राहिली नव्हती.

सातव्या दिवशी एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको गाडी बघायला आले. मास्तरांनी सगळं उघडून, वाकून, ठोकून पाहिलं. काकू नुसत्या मागच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "किती शांत वाटतं गं इथं. कुणीतरी जपलेलं घर आहे."

"नातवंडांना घेऊन फिरा," नवरा म्हणाला.

"आम्ही दोघंच रे. मूल नाही आम्हाला," काकू म्हणाल्या, अगदी सहज. हातानं शेजारची गादी सारखी करत होत्या.

मास्तरांना झडपेमागचं कार्ड सापडलं. "वा! पोरी, हे गाडीबरोबर देणार का?"

ती नाही म्हणणार होती. शेवटची ओळ तरी खोडते, असं म्हणणार होती.

"घ्या की काका," नवरा म्हणाला. "आमची लाल गाडी एवढीशी. तिला कसली हजेरी?"

आठव्या दिवशी सकाळी अकराला किल्ल्या द्यायच्या होत्या. तिनं पहाटेच उठून डाग पुसले, सँडल परत त्याच कप्प्यात ठेवल्या. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

मास्तर चालकाच्या जागेवर बसले, काकू शेजारी. अंगणात नवरा, ती, आणि नवऱ्याच्या पायाला मागून धरून चिमणी. मास्तरांनी चष्मा लावला आणि कार्ड वर्गात धरावं तसं धरलं.

"छताची झडप?"

"बंद, गुरुजी," काकू हसून म्हणाल्या.

"गॅस?"

"बंद."

"पायरी? टाकीचं झाकण?"

"एकेक विचारा हो. आत. घट्ट."

"चिमणी?"

"आहे!"

टाळूवर चापट. आवाज अंगणभर ऐकू आला.

नवरा खाली वाकला. "बोलली! अगं, बोलली की ही!" त्यानं चिमणीला उचलून गरकन फिरवलं. मास्तर खिडकीतून टाळ्या वाजवत होते. चिमणीचा चेहरा नवऱ्याच्या खांद्यावरून दिसत होता. तोंड मिटलेलं.

काकू हसत नव्हत्या. त्यांनी मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

थांबा, एवढंच म्हणायचं होतं. एक मिनिट थांबा, माझं काहीतरी आत राहिलंय.

चिमणी बापाच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होती. डोळे न हलवता.

"काकू," ती म्हणाली. "मागच्या कप्प्यात सँडल आहेत. निळ्या."

"बरं," त्या म्हणाल्या. "बघते मी."

कासव फाटकातून बाहेर पडलं, कोपऱ्यावर वळलं, आणि दिसेनासं झालं. अंगणात त्याच्या जागेवर सिमेंटचा एक कोरडा चौकोन राहिला.

"चला," नवरा म्हणाला, "आज आइस्क्रीम. दोन-दोन गोष्टी झाल्यात." त्यानं चिमणीला लाल गाडीत मागे बसवलं आणि दार लावून पुढे आला. ती शेजारी बसली. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. खुशीत होता.

"चल, घेऊ या हजेरी. शेवटची. दारं?"

तिनं आपल्या दाराला हात लावला. "बंद."

"पट्टे?"

तिनं आपला पट्टा ओढून पाहिला, मग त्याचा. तेव्हा तिच्या लक्षात आलं, त्यानं मागे मुलीला नुसतं बसवलं होतं, पट्टा न लावता.

"चिमणी?"

मागून काही आलं नाही.

मग खट् झालं. एकदाच, घट्ट, नीट. खुर्चीचा चाप बसल्याचं.

"सांग ना गं," नवरा म्हणाला.

ती समोर बघत राहिली. काचेपलीकडे भिंत होती, आणि सँडल वाळल्या होत्या तिथं वाळूचे चार कण.

"आहे," ती म्हणाली.

तिचे दोन्ही हात मांडीवरच होते.