बाटलीतला कापूस

"गोळ्यांची बाटली जोरात हलू देऊ नका, आतला कापूस असू द्या," औषधवाला म्हणाला होता. कडेवरचं रडणारं बाळ सावरत सुनेने मान डोलावली आणि घरी येताच कापूस कचऱ्यात टाकला.

पुढे सासरे दोनदा कोसळले. दोन्ही वेळा रक्तदाबाची सकाळची गोळी घेतल्यावर. गोळी एकच, दिवसभर हळूहळू विरघळणारी. वहिनी जास्त गोळ्या देते, असं नणंदेने सरळ सांगून टाकलं. वहिनीने माहेरी जावं, बाळ इथेच राहील.

सून वकीलबाईंकडे आली. कोर्ट सोडून त्या आता खासगी तपास करत. सोबतीला त्यांचे दीर. संशय घ्यायला ते नेहमी पुढे, आणि बहुधा चुकीच्या माणसावर.

घरी एकेकाला विचारून झालं. नणंद म्हणाली, गोळ्या मी स्वतः मोजते, एकही इकडची तिकडे होत नाही. मग जास्त दिल्या कशा, यावर ती म्हणाली, ते तुम्हीच शोधा. सासऱ्यांचं म्हणणं, नवी बाटली उघडली की बरं असतं, संपत आली की चक्कर येते. नवरा दिवसभर कामावर, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मध्येच आत बाळ रडलं. सून उठून गेली. काहीतरी खुळखुळलं, रडणं थांबलं.

वकीलबाईंनी गोळ्या मागितल्या. सुनेने आतूनच बाटली आणून दिली. झाकण घट्ट, गोळ्या अख्ख्या, तळाशी जराशी पांढरी भुकटी.

"नणंदच," दीर कुजबुजले. "मोजणारीच गोळ्या बदलते."

"भावोजी, दोन पेले पाणी आणा."

एका पेल्यात कपाटातल्या नव्या बाटलीतली गोळी टाकली, दुसऱ्यात या बाटलीतली. नवी तशीच पडून राहिली. दुसरी बघता बघता भुगा होऊन तळाशी बसली.

"जास्त गोळ्या कुणीच दिल्या नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "एकाच गोळीतलं दिवसभराचं औषध एकदम सुटलं. बाटली भरलेली असते तोवर गोळ्यांना हलायला जागा नसते. ती रिकामी होत जाते, कापूसही नसतो, मग त्या एकमेकींवर आपटतात. वरून धड दिसतात, आतून तडकलेल्या असतात."

"पण आपटतंय कोण?" दिरांनी विचारलं.

आत बाळ पुन्हा रडू लागलं. सुनेचा हात सवयीने टेबलावरच्या बाटलीकडे गेला आणि मध्येच थांबला.

नणंद उठली, आत गेली आणि बाळाला आणून वहिनीच्या मांडीवर ठेवलं.

तुमच्या घरात रोज गोळी घेणारं कुणी असेल, तर एवढं करा. त्यांची बाटली आत्ता कुणाच्या हातात आहे, ते उठून बघून या.