भावसिंगचा बिल्ला

"चोर सापडलाय," पोलीस पाटील माणिकराव म्हणाले. "कबूल तेवढा होत नाही."

"मग मी काहून आलो?" तातेरावांनी विचारलं. निजामाच्या पोलिसातली नोकरी सोडून ते आता औंढ्यात बसून लोकांचे गुंते सोडवत.

तांड्यावरचा भावसिंग लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला तो गेलाच. मागे आला फक्त त्याच्या गळ्यातला नंबराचा बिल्ला. त्याच्या जोरावर बायकोला, शकुंतलाबाईला, शेतसारा माफ झाला. उद्या तो बिल्ला कळमनुरीच्या कचेरीत जमा करायचा होता, नाहीतर माफी रद्द. आणि आज सकाळी पेटीत बिल्ला नव्हता.

पाटलांनी क्षणाचाही विचार केला नव्हता. विचार करायची त्यांना सवयच कमी. भावसिंगच्या धाकट्या भावाला, भीमसिंगला, शकुंतलाबाईनं लग्नाला नकार दिला होता. म्हणजे सूड त्याचाच. सगळ्या तांड्यादेखत त्याला लिंबाला बांधून ठेवलं होतं.

"पेटीत आणखी काय होतं?" तातेरावांनी विचारलं.

"माझे चांदीचे वाळे," शकुंतलाबाई म्हणाली. "ते हायेत. कुलूप बी धड हाय. किल्ली आढ्यात खोवलेली असती, घरच्यालाच ठावं. बिल्ला काल दुपारी म्या सोता पाह्यला."

"अन् तू, भीमसिंग?"

"मी परवापासून गोरेगावच्या बाजारात. आत्ता बैल घेऊन येऊन राहिलो, तर पाटलानं बांधलं. बैलवाल्याला इचारा, तो बी संगंच आलाय."

बैलवाल्यानं मान डोलावली. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

एवढ्यात भावसिंगची आई जिवनबाई मलिदा घेऊन आली. पहिला घास तिनं छपरावर कावळ्याला टाकला, मग पाहुण्यांना वाढलं.

"आज सण कोणता?" तातेरावांनी विचारलं.

"सण न्हाई," शकुंतलाबाई सासूकडे पाहत म्हणाली. "याडीनं तूप काहून काढलं, मलाबी उमगंना."

जिवनबाई वाढत राहिली. पाटलांनी दोनदा मागून घेतलं.

तातेराव झोपडीमागे गेले. तिथे ताज्या उकरलेल्या मातीवर बाभळीचे काटे रचले होते.

"म्हातारीनं झाडाला कुंपण केलंय," पाटील म्हणाले.

"झाड कुठंय?"

"लावील उद्या."

दोघं परत आले, पाटील पुन्हा खायला बसले, आणि तातेराव हलक्या आवाजात म्हणाले, "पाटील, भीमसिंगला सोडा. चोरानं चांदी सोडली, म्हणजे त्याला माल नको होता. किल्ली घरच्यालाच ठाऊक, अन् भीमसिंग गावात नव्हता. सुनेला तर माफी हवी. राहिलं कोण? आता सांगा, सण नसताना कावळ्याला घास कधी टाकतात? अन् उकरलेल्या मातीवर काटे कशाला घालतात?"

"कोल्ह्यानं उकरू नये म्हणून," पाटील म्हणाले, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

जिवनबाई खाली बसली.

"मडं आलं न्हाई. आला तो बिल्लाच, अन् तोबी कचेरीत जानार. मंग माती कशाला देऊ? लगीन झालेल्याला जाळत्यात, पन बिल्ला जळतोय का? म्हून पुरला. बातमी आली तवा पाटील, तुमीच पयले आल्ते. माफी कशी मिळंल ते सांगितलं अन् चहा पिऊन गेले. रडाया कोनी बी आलं न्हाई."

माणिकरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते दोर सोडायला गेले, पण आपणच मारलेली गाठ त्यांना लवकर सुटेना. भीमसिंगच्या मनगटांवर वळ उठले होते. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

जिवनबाई सगळ्यांना झोपडीमागे घेऊन गेली. तिनं काटे बाजूला केले, माती उकरली, बिल्ला पदरानं पुसला आणि सुनेच्या हातात ठेवला. "ने. तुला जगायचं हाय."

"मी जातो संगं," पाटील कसेबसे म्हणाले. "दाखवून माघारी आणतो. जमा करू देत नाही."

"ते उद्या," जिवनबाई म्हणाली. "आज समदे आलाच हात, तर बसा जरा त्याच्यापाशी."

तातेरावांनी पागोटं काढलं. पाटील मातीत बसले. मनगट चोळत भीमसिंग आला आणि त्यांच्या शेजारी बसला.