औषधांच्या खिडकीमागची खुर्ची

चारुदत्तने सुरभीला पहिल्यांदा पाहिलं आणि बाहेर काढलं.

राळेगावजवळच्या त्या आरोग्य केंद्रात ती गावातल्या निकिताला बाळंतपणासाठी घेऊन आली होती. नर्सने निकिताला आत नेलं. सुरभी ओला पदर पिळत दारात उभी.

"नातेवाईक बाहेर थांबा," औषधांच्या खिडकीतून चारुदत्त म्हणाला.

"मी गावची आशा आहो, सर."

"मग... आत थांबा."

"बसू कुठं?"

खुर्च्या डॉक्टरांना होत्या, नर्सला होत्या, शिपायालाही होती. आशा सेविकांना व्हरांडा होता. चारुदत्तने आपलीच खुर्ची आणून दिली आणि दिवसभर उभ्याने गोळ्या वाटल्या. प्रेमात आधी पाय दुखतात, हे त्याला संध्याकाळी कळलं.

मग ती पेशंट घेऊन आली की खुर्ची बाहेर येऊ लागली.

"पाय नाही दुखत काय तुमचे?"

"तुम्ही बसलात की नाही दुखत, सुरभीता..."

सगळं खातं आशांना ताई म्हणे. त्याच्या घशात मात्र तो शब्द अडके.

"अर्धंच काहून म्हणता?" ती गालात हसली. "नवरा गेला, नाव नाही गेलं माह्यं. सुरभी म्हणा."

दिवाळीनंतर त्याची यवतमाळला बदली झाली.

"लग्न करू. चल माझ्याबरोबर."

"करीन... पण तिथं मले आशा राहू देतील?"

त्याने तालुक्याच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बदली कर्मचाऱ्याची होते. त्या स्वयंसेविका. गाव सुटलं की काम सुटलं." याच साहेबांनी परवाच्या भाषणात आशांना आरोग्यव्यवस्थेचा कणा म्हटलं होतं. कणा जागचा हलत नाही, एवढं शरीरशास्त्र त्यांना येत होतं.

चारुदत्तने हे सुरभीला सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर...

"नाहीतरी तुला कामाची गरज काय? मी आहे ना."

सुरभी खुर्चीवरून उठली.

"खुर्ची देल्ली, तवा मले वाटलं तुमाले माह्यं काम समजलं, सर."

"सुरभी, मी—"

"ताई म्हणा. पुरं."

पुढच्या महिन्यात ती गावातल्या समीक्षाला बाळंतपणासाठी घेऊन आली. खिडकीत नवा माणूस होता.

"नातेवाईक बाहेर थांबा."

"मी आशा आहो," सुरभी म्हणाली. बसू कुठं, हे मात्र तिने विचारलं नाही. व्हरांडा तिला ठाऊक होता.